एसआरएसवर (सेशननंतर क्लायंट भरतो त्या फॉर्मवर) सगळेच चाळीसपैकी चाळीस देतात. खरं काय ते कसं काढायचं?

वरच्या_मजल्यावरची (नागपूर)

नमस्कार. लांबलचक लिहून राहिली आहे, चहा घेऊन बसा.

मी समुपदेशक आहे. सहा वर्षं झाली. त्रिमूर्तीनगरात एका पॅथॉलॉजी लॅबच्या वर एक खोली भाड्याने घेतली आहे. उन्हाळ्यात कूलर इतका घरघरतो की बाहेर बाकावर बसलेल्याला आतलं अक्षरही ऐकू जात नाही. फुकटची गोपनीयता. थंडीत मात्र बाहेर रेडिओ लावून ठेवावा लागतो.

जानेवारीपासून मी ओआरएस आणि एसआरएस सुरू केलं. (ओआरएस म्हटलं की आपल्याकडे आधी पावडरीचं पाकीटच आठवतं. एका काकांनी विचारलंही, "उन्हातून आलो म्हणून का मॅडम?") ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली मांडलेले हे दोन चिमुकले फॉर्म. सेशनच्या सुरुवातीला ओआरएस. गेला आठवडा कसा गेला यावर चार रेघा, प्रत्येक १० सेंटीमीटरची: स्वतःला कसं वाटलं, जवळच्या माणसांशी कसं चाललंय, बाहेरचं जग म्हणजे काम-शाळा-मैत्री, आणि एकंदर. डावीकडे वाईट, उजवीकडे चांगलं. माणसाने रेघेवर कुठेतरी खूण करायची, आपण पट्टीने मोजायचं, बेरीज ४० पैकी. मोठ्या माणसांसाठी २५ ही सीमा धरतात, त्याखालचे आकडे साधारणपणे मदत घ्यायला आलेल्या लोकांचे असतात. सेशन संपताना एसआरएस: आज माझं ऐकून घेतलं का, मला जे बोलायचं होतं तेच बोललो का, काम करण्याची पद्धत पटली का, एकंदर कसं होतं. पुन्हा चार रेघा, पुन्हा ४०. इथे ३६ च्या खाली आलं तर थांबून विचारायचं, असं ते सांगतात.

सुरू काहून केलं? गेल्या दिवाळीच्या आधी एक मुलगा सहा सेशन आला आणि सातव्याला आलाच नाही. फोन नाही, मेसेज नाही. मी वही काढून बघितलं तर सहाव्या सेशनखाली माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, "उत्तम चाललंय." ते वाक्य मला अजून टोचतं.

तर फॉर्म सुरू झाले आणि वेगळीच पंचाईत झाली. पाच महिन्यांचा एसआरएसचा गठ्ठा आत्ता समोर आहे. एकशे बारा कागद. त्यातले फक्त नऊ ४० पेक्षा कमी, आणि त्या नऊपैकी दोघांना रेघ उलटी वाटली होती. एकजण म्हणाला, "मॅडम तुम्हीच भरून टाका ना, मी सही करतो." एका आजोबांनी चारही रेघांच्या टोकाला खूण केली आणि खाली "शुभाशीर्वाद" लिहिलं. मी काय करू त्या कागदाचं? फ्रेम करू?

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. एक काकू आहेत, पन्नाशीच्या पुढच्या, शिक्षिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) आमचं छान जमतं. त्या मोकळ्या होतात, रडतात, जाताना हलक्या होऊन जातात. मागच्या वेळी डब्यातून पाटोडी आणली होती. एसआरएस दरवेळी ४०. आणि ओआरएस? पहिल्या वेळी १७, मग १९, मग १६, १५, आणि गेल्या शनिवारी १३. खोलीत बघाल तर त्या फुलून राहिल्या आहेत, कागदावर बघाल तर उतरून राहिल्या आहेत. मी कोणावर विश्वास ठेवू, माझ्या डोळ्यांवर की पट्टीवर?

तिसरा, छोटा प्रश्न. काही क्लायंटांकडून महिन्यातून एकदा पीएचक्यू-९ (नैराश्याची प्रश्नावली) पण भरून घेते. या मे महिन्यात सगळ्यांचे आकडे वर. काल ४५ अंश होतं. याचं काय करायचं?

सुपरव्हिजन (अनुभवी समुपदेशकाकडून आपलं काम तपासून घेणं) महिन्यातून एकदा ऑनलाइन असतं, तोवर थांबवत नाही म्हणून इथे विचारते आहे.

---

वर्धा_लाईन

आधी पट्टी घे आणि कोऱ्या फॉर्मवरची रेघ मोज. आत्ता. मग बाकीचं बोलू.

---

वरच्या_मजल्यावरची

९.३ सेंटीमीटर.

देवा.

फेब्रुवारीत मूळ प्रिंट संपल्यावर खालच्या चौकातून झेरॉक्स काढून आणले होते. त्याने पानावर "नीट बसवून" दिले म्हणे. माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण एसआरएसला टोकाला खूण दिसली की मी मोजतच नव्हती, सरळ दहा लिहायची.

---

वर्धा_लाईन

माझ्याकडे ९.६ निघालं होतं, अख्खं वर्ष. तू एकटी नाहीस. दुकानदाराला सांगायचं, "शंभर टक्के साइज, कमी करायचं नाही", आणि तिथेच काउंटरवर मोजून घ्यायचं. तो वेड्यासारखा बघतो. बघू दे.

काकूंचे तिसऱ्या सेशनपासूनचे फॉर्म झेरॉक्सवाले असतील तर ०.९३ ने भाग.

---

वरच्या_मजल्यावरची

भागलं. १७, १९, १७.२, १६.१, १४. रेघ जरा सावरली, पण चाललीय खालीच.

---

निवृत्त_मास्तर

मी मानसशास्त्र शिकवायचो, आता घरी असतो, त्यामुळे माझ्याकडे वेळ भरपूर आहे हे आधीच सांगून ठेवतो.

मॅडम, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. डोळे की पट्टी? या बाबतीत आपल्या डोळ्यांचा लौकिक फारसा चांगला नाही. २००५ साली हॅनन, लॅम्बर्ट वगैरे मंडळींनी एक अभ्यास छापला. ४० थेरपिस्ट, ५५० क्लायंट. थेरपिस्टांना विचारलं, यातलं कोण आलं त्यापेक्षा वाईट अवस्थेत बाहेर पडेल? उपचारात काही लोक बिघडतातच, हे त्यांना आधी सांगितलेलंही होतं. तरी त्यांनी मिळून तिघांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात बिघडले ४०. आणि त्या तिघांपैकी खरा निघाला एक. त्याच माहितीवर आकड्यांच्या हिशेबाने बांधलेले अंदाज कितीतरी पुढे होते. हे लोक आळशी किंवा निर्दय नव्हते. समोर बसलेल्या माणसाचं भलं होतंय असं मानल्याशिवाय हे काम करताच येत नाही, आणि तेच मानणं डोळ्यांवर पडदा टाकतं.

२०१२ साली वॉलफिश आणि सहकाऱ्यांनी १२९ व्यावसायिकांना विचारलं की शंभर जणांच्या रांगेत तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल. सरासरी उत्तर आलं, साधारण ऐंशी जणांच्या पुढे. सरासरीच्या खाली स्वतःला ठेवणारा एकही नव्हता. आमच्या स्टाफरूममध्ये विचारलं असतं तर उत्तर नव्वदच्या वर गेलं असतं, ते सोडा.

म्हणून तुमच्या दिवाळीच्या मुलाबद्दल स्वतःला फार कोसू नका.

आता काकूंचा आलेख. ओआरएसवर साधारण ५ गुणांचा फरक पडला तर तो खरा बदल धरतात. त्याहून कमी असेल तर त्या दिवशीचा मूड, खूण करतानाचा हात, मोजतानाची चूक, यातही तो बसू शकतो. तुमच्या दुरुस्त आकड्यांत पहिल्यापासून घट ३ ची आहे. म्हणजे "काकू नक्की बिघडल्या" असं म्हणता येणार नाही. पण सलग तीन वेळा उतार आणि पाच सेशनमध्ये वाढ शून्य, याला "छान चाललंय" तर त्याहून म्हणता येणार नाही. पहिल्या काही सेशनमध्ये काहीच हललं नाही तर पुढेही आपोआप हलत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यामुळे विचारायचं, आणि याच शनिवारी विचारायचं.

पण त्याआधी एक करा. बेरीज झाकून ठेवा आणि चारही रेघा वेगवेगळ्या लिहून काढा, पाचही सेशनच्या. कोणती रेघ पडतेय? मला बेरजेचा भारी राग आहे. दोन रुपये आले, तीन गेले, याचा हिशेब "एक रुपया कमी" एवढाच लिहिला तर गिऱ्हाईक कोण आणि चोर कोण हे कधीच कळत नाही.

आणि तिसऱ्या रेघेला मराठीत काय लिहिलंय तुम्ही? "सामाजिक" असेल तर सांभाळा. माझ्या ओळखीच्या एका समुपदेशकाकडे एक गृहस्थ यायचे. चार महिने घराबाहेर पाऊल टाकलेलं नव्हतं, आणि त्या रेघेवर खूण ९ वर. विचारलं तेव्हा म्हणाले, "आमच्या समाजात आम्हाला मान आहे ना सर." आपल्याकडे समाज म्हटलं की माणसाला जात आठवते, समाजभवन आठवतं, लग्नाची पत्रिका आठवते. फॉर्म बनवणाऱ्यांच्या डोक्यात होतं काम, शाळा, मित्र. तसंच "वैयक्तिक" म्हटलं की काहींना वाटतं काहीतरी खासगी, न सांगण्यासारखं.

ओघाने आलं म्हणून: हे फॉर्म कॉपीराइटचे आहेत. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला नोंदणी करून फुकट वापरता येतात, पण मनाने शब्द बदलायची मुभा नसते. अधिकृत भाषांतर मिळतं का ते त्यांच्याकडेच विचारा. पीएचक्यू-९ ला तशी परवानगी लागत नाही.

पीएचक्यूचं म्हणाल तर नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांचे, प्रत्येकी ० ते ३, एकूण २७. १० पासून मध्यम नैराश्य धरतात. नऊपैकी तीन प्रश्न झोप, थकवा आणि भूक यांचे. नागपूरच्या मे महिन्यात रात्री दोनला वीज गेली, कूलर बंद पडला, दुपारी जेवण जात नाही, अंगात त्राण नाही. तीन गुणिले तीन, नऊ गुण निव्वळ उन्हाचे होऊ शकतात! पण म्हणून ते वजा करू नका, नैराश्यातही झोप आणि भूक जातेच. फक्त विचारा, "हे घरात सगळ्यांचंच होतंय की तुमचंच?" आणि पहिले दोन प्रश्न बघा: कशात रस वाटतो का, मन उदास असतं का. ते उन्हाने सहसा हलत नाहीत.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तो माणूस खोलीतून उठायच्या आत वाचायचा. संध्याकाळी नाही, फाइल लावताना नाही. तिथे शून्य सोडून काहीही दिसलं तर त्या दिवसाचं सेशन त्याबद्दलच. घरी जाताना टेली-मानसचा १४४१६ नंबर त्याच्या हातात असू द्या, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तुम्हाला माहीत असेलच, पण हा धागा इतरही वाचत असतील.

पहिल्या प्रश्नाबद्दल, म्हणजे चाळीसपैकी चाळीसबद्दल, मला जे वाटतं त्यापेक्षा फॉर्म भरणाऱ्या कोणाचं ऐकायला आवडेल.

---

फॉर्म_भरणारा

मी भरणारा.

मी बुटीबोरीला एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. दोन वर्षांपूर्वी छातीत धडधड सुरू झाली. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात तीनदा ईसीजी काढला, तिन्ही नॉर्मल. तिसऱ्या वेळी डॉक्टर म्हणाले, मनाच्या डॉक्टरकडे जा. भाऊ घेऊन गेला एका सेंटरवर. तिथे मॅडम होत्या, शेवटी असाच रेघांचा कागद द्यायच्या.

मी सगळे दहा द्यायचो. का द्यायचो ते सांगतो.

एक तर मॅडम समोरच बसलेल्या असायच्या, माझ्या पेनाकडे बघत. दुसरं, फी भाऊ देत होता. नऊ लिहिलं आणि त्याला कळलं तर म्हणेल, मग पैसे कशाला घालतो आपण? तिसरं, मला वाटायचं हे मॅडमच्या वरच्या साहेबाकडे जातं, कमी दिलं तर त्यांचा पगार कापतील. आमच्या कंपनीत कँटीनवाल्याचं तसंच आहे. घरी सामान आणून देणारा पोट्टा पण दारात उभा राहून म्हणतो, "दादा पाच स्टार द्या, नाहीतर माझं कापतात." आता कुठेही चार दिले तर कुणाच्या पोटावर पाय दिल्यासारखं वाटते. कुणीच मला सांगितलं नव्हतं की हा कागद माझ्यासाठी आहे.

मग एकदा मी खरं लिहिलं. त्या दिवशी मॅडमनी पूर्ण वेळ माझ्या बाबांबद्दल विचारलं होतं आणि मला दुसऱ्या दिवशीच्या नाइट शिफ्टबद्दल बोलायचं होतं, कारण धडधड नाइटलाच व्हायची. मी दुसऱ्या रेघेवर चाराच्या जवळ खूण केली. हात थरथरत होता, खोटं नाही सांगत. मॅडमनी कागद घेतला, न बघता फाइलला लावला आणि म्हणाल्या, "पुढचा शनिवार चालेल ना?"

मी हो म्हटलं. परत गेलो नाही.

पुढे दुसऱ्या ताईंकडे गेलो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "हा कागद कुठे जात नाही, माझ्या कपाटात राहतो. यात चाळीस आले तर मला काहीच कळत नाही. कमी आले तर पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं." आणि मी भरला की त्या तिथल्या तिथे वाचायच्या. पहिले दोन-तीन वेळा मी तरी दहाच दिले. मग एकदा साडेआठ दिलं, बघू काय होते म्हणून. त्या म्हणाल्या, "हे बरं झालं. दीड कुठे गेलं?" रागावल्या नाहीत, घाबरल्या पण नाहीत. तेव्हापासून मी नीट लिहितो.

वरच्या मजल्यावरच्या ताई, तुमचा दिवाळीचा मुलगा मी नाही. तुम्हाला तसं वाटलं असेल म्हणून सांगितलं.

---

वरच्या_मजल्यावरची

हो, वाटलं होतं. दोनदा वाचलं तुमचं, वेळ पण ताडून बघितली.

आणि दादा, एक कबूल करते. मी फॉर्म तिथल्या तिथे वाचत नव्हती. पुढचा क्लायंट बाहेर बसलेला असतो, शेवटची दोन मिनिटं फी आणि पुढच्या तारखेत जातात. मी रात्री घरी जाऊन मोजत होती, एक्सेलमध्ये भरत होती, रंग देत होती. आलेख मस्त झाला आहे.

---

वर्धा_लाईन

शेवटची दोन नाही, शेवटची सात मिनिटं ठेव. घड्याळ क्लायंटच्या डोक्यामागच्या भिंतीवर लाव.

आणि प्रश्न बदल. "कसं वाटलं आजचं?" याला आपल्याकडे एकच उत्तर असतं. पाहुण्याला "भाजी कशी झाली?" विचारलं तर तो "छानच" म्हणणार, मग जीभ का भाजेना. सावजीच्या ताटावर घाम पुसत पुसत म्हणेल, "अगदी मस्त!" पण "मीठ वाढू का थोडं?" विचारलं की ताट पुढे करतो. मी फॉर्म हातात घेते, चाळीस असले तरी विचारते, "आज काय बोलायचं राहून गेलं?" नाहीतर, "पुढच्या वेळी एक गोष्ट वेगळी करायची तर कोणती?" दहापैकी सहा-सात वेळा काहीतरी निघतं. बहुतेक वेळा फालतू असतं. पंख्याचा वारा थेट येतो, खुर्ची खाली आहे, तुम्ही मध्ये इंग्रजी बोलता. ते फालतू मुकाट्याने करून टाकायचं. पंखा सरकवला की तिसऱ्या-चौथ्या वेळी खरं काय ते येतं.

---

आकडेमोडे

थोडं थंड पाणी ओततो, उन्हाळा आहे.

माझं काम आकड्यांचं, थेरपीचं नाही. या फॉर्मांचा फार डंका वाजवू नका. २०१६ मध्ये कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) असे १७ अभ्यास एकत्र करून तपासले, नैराश्य-चिंता वगैरे सामान्य तक्रारींसाठी. दरवेळी प्रश्नावली भरून घेतल्याने एकूणात लोक जास्त बरे होतात, असं ठाम म्हणण्याइतका पुरावा त्यांना सापडला नाही. आणि इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत २००८ पासून मानसोपचाराचा मोठा कार्यक्रम चालू आहे, तिथे प्रत्येक सेशनला पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ (चिंतेची प्रश्नावली) भरून घेतात, आणि निम्मे लोक बरे व्हायला हवेत असं उद्दिष्ट ठेवलेलं होतं. आकड्याला उद्दिष्ट जोडलं की काय होतं ते बँकेत नोकरी केलेल्या माणसाला विचारा. मार्च एंडला आमच्याकडे सगळंच बरं होत असे.

---

निवृत्त_मास्तर

बरोबर आहे तुमचं. एक जोड देतो. त्याच तपासणीत, जे लोक वाटेवरून घसरत होते त्यांच्यापुरतं बघितलं तर थोडा फायदा दिसला होता. पुरावा कच्चा आहे असं त्यांनीच म्हटलंय, पण लॅम्बर्टच्या ४५ प्रश्नांच्या ओक्यू-४५ वरच्या अभ्यासांतही कल तोच आहे. जे नीट चालले आहेत त्यांना कागदाने फारसा फरक पडत नाही. जे घसरतायत आणि थेरपिस्टला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे. मॅडमच्या काकूंसारख्यांसाठी.

मार्च एंडचं वाक्य वहीत लिहून घेतलं.

---

वरच्या_मजल्यावरची

शनिवार झाला. काकूंना विचारून, त्यांनी हो म्हटल्यावर लिहिते आहे.

आधी मास्तरांनी सांगितलं तसं बेरीज झाकून चार रेघा वेगळ्या काढल्या. शुक्रवारी रात्री, कूलरसमोर. पहिली रेघ, स्वतःला कसं वाटतं: ३ पासून ५ पर्यंत वर गेलेली. तिसरी आणि चौथी थोड्या इकडेतिकडे. आणि दुसरी, जवळची माणसं: ५.५, ६, ४, ३, आणि गेल्या वेळी दीडच्या आसपास. पाच महिने मी एक्सेलमध्ये फक्त शेवटचा रकाना रंगवत होती.

नवे फॉर्म छापून नेले, मोजून. तिसऱ्या रेघेला मी "सामाजिक जीवन" लिहिलेलंच होतं. अधिकृत भाषांतराबद्दल मेल टाकला आहे, तोवर फॉर्म देताना तोंडी सांगते: काम, शेजारपाजार, मैत्रिणी, भिशी.

काकूंना सुरुवातीलाच चार रेघांचा कागद दाखवला. म्हटलं, "काकू, ही वर चालली आहे आणि ही खाली. मला हे आधी दिसायला हवं होतं, दिसलं नाही. काय चाललंय घरी?"

त्या बराच वेळ कूलरकडे बघत होत्या.

झालं असं की मीच त्यांना तिसऱ्या सेशनपासून शिकवून राहिली होती, मनातलं स्पष्ट बोला, गिळू नका. खोलीत आम्ही सराव करायचो. त्यांना जमायला लागलं, मजाही यायला लागली. मग त्यांनी घरी जाऊन खरंच बोलायला सुरुवात केली. दिराशी बोलणं बंद झालं. सून माहेरी जाऊन बसली. नवरा म्हणतो, "त्या बाईकडे जायला लागल्यापासून घरात आग लागली." मी दिलेली विचार लिहायची वही त्या तांदळाच्या डब्यात लपवून ठेवतात, आणि रोज लिहिताना कोणी येईल म्हणून एक कान दाराकडे असतो. म्हणून स्वतःबद्दल बरं वाटत होतं आणि घर तुटत होतं. दोन्ही खरं होतं. माझ्या डोळ्यांनी एक बघितलं, पट्टीने दुसरं मोजलं.

मी विचारलं, "मग तुम्ही मला दरवेळी चाळीस का दिले?"

म्हणाल्या, "तू इतकं मन लावून शिकवत होतीस. पोराचा पेपर तपासताना पहिल्या वर्षीच्या मास्तरणीचे मार्क कोणी कापते का बेटा?"

पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला मॅडम म्हटलं नाही.

पुढचं काय ते आम्ही ठरवलं. वही बंद. स्पष्ट बोलणं चालू, पण कोणाशी, कधी आणि किती, ते आधी इथे बसून ठरवायचं. नवऱ्याला एकदा घेऊन यायचं का यावर विचार करते म्हणाल्या. सात मिनिटं राखून ठेवली होती, तेव्हा एसआरएस दिला आणि मी मुद्दाम खिडकीचा पडदा नीट करायला उठले.

परत येऊन बसले तर पहिल्या दोन रेघांवर टोकाला खूण, चौथीवर नऊच्या पुढे, आणि तिसरीवर, पद्धतीच्या रेघेवर, मध्याच्या जरा उजवीकडे एक बारीक उभी काडी. त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि लगेच परत ओढून घेतला. म्हणाल्या, "थांब, पट्टी दे." मी दिली. चष्मा कपाळावरून खाली घेतला, पट्टीचं शून्य रेघेच्या टोकाला नीट लावलं, दोनदा बघितलं.

"सहा पूर्णांक चार," म्हणाल्या. "लाल पेन आहे का?"